खुनीचा कांठ आणि आपलें निसर्गवाङ्मय

एकाद्या नाटकाची परीक्षा करावयाची तर रंगभूमीवर जावें लागतें; केवळ छापील संहितेवरून दिलेला अभिप्राय अपुरा असतो, हें आपण सर्वच मान्य करतों. निसर्गलेखनाची परीक्षा मात्र आपण आरामखुर्चींत बसून करतों. शब्द गोड आहेत कीं नाहींत, उपमा चपखल आहे कीं नाहीं, लेखकाचें मन हळुवार आहे कीं नाहीं, एवढें पाहिलें म्हणजे टीकाकाराचें काम संपलें, अशी समजूत आहे. ज्या पाखराविषयीं लेखकानें लिहिलें तें पाखरूं तसें वागतें कीं नाहीं, आणि त्याच्या वागण्यांतून लेखकानें जो अर्थ काढला तो निघतो कीं नाहीं, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. गेल्या पौषांत कांहीं दिवस पांढरकवड्यास राहण्याचा योग आला, तेव्हां हा प्रश्न मनाशीं धरून आपल्या भाषेंतील कांहीं निसर्गलेखन मीं तेथील नदीच्या कांठीं मनांतल्या मनांत पुनः वाचून पाहिलें. त्या वाचनाचा हिशेब येथें देत आहें.

पांढरकवडा हें यवतमाळ जिल्ह्यांतील केळापूर तालुक्याचें मुख्य ठिकाण. त्याच्या जवळून वाहणाऱ्या नदीचें नांव खुनी. नांव ऐकून नवख्या माणसानें दचकण्याचें कारण नाहीं. पावसाळ्यांत ती कशीही वागो, पौषांत तिच्याइतकी गरीब नदी शोधून सांपडणार नाहीं. पाणी डोहाडोहांत सांठून राहिलेलें, आणि मधल्या खडकांतून व वाळूंतून एक बारीक धार एका डोहाचा निरोप दुसऱ्यास पोंचवीत असलेली. कांठावर बेशरमाचीं दाट बेटें, शिंदीचीं झुडुपें, मधूनच एकादें करंजाचें वा उंबराचें झाड. त्याच्या वरच्या अंगास वेंचणी होत आलेली पऱ्हाटी, शेंगांनीं लवलेली तूर आणि नुकता घाट्यांवर येऊं लागलेला हरभरा. नागपूर-हैदराबाद महामार्गावरील मोटारींची घरघर वारा फिरला कीं येथवर ऐकूं येते; आणि शेतांच्या पलीकडे कांहीं अंतरावर टिपेश्वरचें अभयारण्य आहे. १९९७ सालीं घोषित झालेलें, सुमारें १४८ चौरस किलोमीटरांचें हें सागवानी रान वाघांमुळें आतां सर्वदूर ठाऊक झालें आहे. खुनीचें पाणी मात्र निमूटपणें पैनगंगेस मिळतें. पैनगंगा वर्धेस मिळते. वर्धा आणि वैनगंगा यांची प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरींत जाते. हा मार्ग वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. लेखाच्या ओघांत आपणांस त्याच मार्गानें एकदां गोदावरीपर्यंत जावयाचें आहे.

माझ्या सोबतीस, नदीला लागून ज्याचें शेत आहे असा एक कास्तकार होता. मी पहाटेस निघण्याचा बेत सांगितला तेव्हां त्यानें मान हालविली. “चांगलं दिसाले लागू द्या जी, मंग जाऊ,” असें तो म्हणाला. त्यामागील कारण मीं विचारलें नाहीं आणि त्यानेंही सांगितलें नाहीं. माझ्या दुर्बिणींतून त्यानें एकदां पाहिलें आणि ती परत माझ्या हातीं दिली. तिचें त्याला फारसें कौतुक वाटलेलें दिसलें नाहीं.

पहिल्याच डोहाच्या कडेला दोन पांढरे धोबी होते. शेपूट सारखें खालीं-वर आपटीत, चार पावलें धांवत, मध्येंच थांबून कांहीं टिपीत त्यांचा उद्योग चालला होता. हे हिंवाळी पाहुणे. हिमालयांतून आणि त्याच्याही पलीकडच्या प्रदेशांतून ते पावसाळ्याच्या अखेरीस येतात, आणि उन्हाळा तापण्यापूर्वीं परततात. तुतवारही तसाच परदेशी. पाण्याच्या कडेकडेनें मागचा भाग हालवीत चालणारा, आणि उडाला कीं पाण्याला लागून ताठ, कमानदार पंखांनीं सरकत जाणारा. एक कवड्या खंड्या डोहावर एकाच जागीं पंख फडफडवीत थांबला आणि दगड सोडावा तसा सरळ पाण्यांत पडला; त्याचा पांढऱ्या छातीचा भाऊबंद मात्र वाळक्या फांदीवर बसून वाट पाहत होता. पाण्यावर झुकलेल्या बाभळीला सुगरणींचीं गेल्या पावसाळ्यांतलीं रिकामीं खोपीं लोंबत होतीं. शेकाट्यांची एक जोडी आपल्या लांबलचक तांबड्या पायांवर उथळ पाणी मोजीत होती.

येथवर जें लिहिलें तें वाचून वाचकांस बहुधा बरें वाटलें असेल. मलाही लिहितांना बरें वाटलें. पण खरी अडचण येथेंच आहे. असा परिच्छेद मराठींत आज कोणीही सराईत लेखक लिहूं शकतो. तो खोटा नसतो, परंतु त्यांत कांहीं घडतही नाहीं. एक पक्षी गेला कीं दुसरा येतो, आणि कोणत्याही पक्ष्याचा कोणत्याही पक्ष्याशीं, किंवा पाहणाऱ्या माणसाशीं, कसलाच संबंध लागत नाहीं. आपल्या निसर्गलेखनाचें पुष्कळसें दारिद्र्य या एका गोष्टींत आहे असें माझें मत आहे. तें कसें, हें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे.

या दारिद्र्याचें पहिलें रूप जुनें आहे. त्यास संस्कृत अलंकारशास्त्र कविसमय म्हणतें. हंसानें दूध आणि पाणी वेगळें करावें, चकोरानें चांदणें प्यावें, चक्रवाकाच्या जोडीनें रात्रभर विरहांत तळमळावें, असे हे संकेत. चक्रवाक हा खराखुरा पक्षी आहे. तांबूस-नारिंगी रंगाचें तें बदक लडाख, तिबेट आणि मध्य आशियांतून हिंवाळ्यांत आपल्या मोठ्या नद्यांच्या वाळूवर व तलावांवर येतें. रात्रीं चरतांना जोडीतील पक्षी एकमेकांपासून दूर जाऊन साद घालतात, त्यावरून हा संकेत निघाला असावा, असें कांहीं निरीक्षक सांगतात. तसें असेल तर संकेताच्या मुळाशीं एके काळीं कोणाचे तरी जागे कान होते. पुढें कानांची गरज उरली नाहीं. ज्यानें चक्रवाक कधीं पाहिला नाहीं त्यालाही तो कवितेंत घालतां येऊं लागला. आणि ज्या पक्ष्याला संकेतांत जागा नव्हती त्याला कवितेंतही जागा मिळाली नाहीं. धोबी दर वर्षीं न चुकतां आपल्या दारीं येतो. त्याच्यावर मराठी कवींनीं किती शब्द खर्चिले? आणि टिटवी? ती आमच्या वाङ्मयांत आली ती बहुधा अपशकुन म्हणूनच.

लोकांनीं मात्र नांवें ठेवतांना कवींपेक्षां अधिक डोळस काम केलें आहे. घाटावरच्या धुणाऱ्याप्रमाणें सारखी आपटाआपट करणाऱ्या पाखराला ज्यानें प्रथम धोबी म्हटलें, त्यानें एका शब्दांत त्याचें ठिकाण आणि त्याची लकब दोन्ही सांगितलीं. ज्याला लोक ढोकरी म्हणतात त्या बगळ्याला ग्रंथकारांनीं वंचक असें नांव दिलें, तेंही वावगें नाहीं. मातीच्या रंगाचा तो पक्षी कांठावर बसला कीं दिसत नाहीं, आणि उडाला कीं एकाएकीं पांढऱ्याशुभ्र पंखांचा होतो. नांव हीसुद्धां एक प्रकारची समीक्षा असते. आणि ती करणाऱ्यानें वस्तु नीट पाहिलेली असावी लागते.

दुसरें रूप अगदीं नवें आहे. तें म्हणजे यादी. १९४१ सालीं सलीम अली यांचें ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ प्रसिद्ध झालें, आणि शास्त्रज्ञ नसलेल्या माणसालाही पाखरें ओळखतां येऊं लागलीं. हे त्यांचे उपकार मोठे आहेत. यादीचा उपयोगही मोठा आहे; कोणता पक्षी कोणत्या महिन्यांत कोठें होता याच्या शेंकडों माणसांनीं ठेवलेल्या नोंदींवरून पुढें शास्त्राला निष्कर्ष काढतां येतात. तक्रार आहे ती यादीलाच लेख समजण्याविरुद्ध. आमच्या नियतकालिकांतून येणारीं कितीएक निरीक्षणवृत्तें म्हणजे अमुक वाजतां निघालों, अमुक जाती पाहिल्या, अमुक दुर्मिळ पक्ष्याचें छायाचित्र मिळालें, आणि मन प्रसन्न झालें, एवढीच असतात. वाण्याच्या वहींत मालाची नोंद असते. पण त्या मालावर कोणाचें घर कसें चाललें तें वहींत नसतें.

तिसरें रूप वाघाचें. पांढरकवड्यास बसून तें टाळतां येण्यासारखें नाहीं. २ नोव्हेंबर २०१८ रोजीं रात्रीं, पांढरकवडा वनविभागांत, राळेगाव तालुक्यांतील बोराटीच्या परिसरांत टी-१ ही वाघीण गोळी घालून मारण्यांत आली. तेरा माणसांचे बळी तिच्या नांवावर मांडले जात होते. तिला दोन बछडे होते. आणि ‘अवनी’ या नांवानें ती देशभर गाजली. त्या दिवसांत जें लिहिलें गेलें तें आज पुनः वाचलें तर एका गोष्टीचें आश्चर्य वाटतें. कांहींच्या लेखणींत ती राक्षसी होती, कांहींच्या लेखणींत ती हुतात्मा माता होती. परंतु ती ज्या पायवाटांवरून चालली, आणि ज्या पायवाटांवरून माणसें सरपणाला, ढोरांमागें आणि शेतावर गेलीं, त्या पायवाटांचें वर्णन दोन्ही पक्षांच्या लेखनांत जवळजवळ नव्हतें. १९४४ सालच्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’मध्यें जिम कॉर्बेट यांनीं वाघाइतकेंच लक्ष दारें लावून बसलेल्या खेड्यांकडे दिलें होतें, याची अशा वेळीं आठवण होते. २०१९ सालीं टिपेश्वरांतून निघालेला एक तरुण वाघ सुमारें १३०० किलोमीटर चालून बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. त्याच्या गळ्यांतील पट्ट्यामुळें त्याची वाट नकाशावर उमटली, आणि सर्वांनीं त्याचें कौतुक केलें. तो रात्रीं ज्यांच्या शेतांतून, ओढ्यांतून आणि रस्त्यांवरून गेला, त्यांतील बहुतेकांस त्याच्या जाण्याचा पत्ताही लागला नसेल. ही गोष्ट मला त्या किलोमीटरांपेक्षां अधिक विचार करण्याजोगी वाटते.

आतां नदीच्या वाटेनें गोदावरीकडे जाऊं. सातवाहन राजा हाल याच्या नांवावर असलेला ‘गाथासप्तशती’ हा संग्रह महाराष्ट्री प्राकृतांत आहे, म्हणजे तो आपल्या भाषेच्या पूर्वजांच्या घरचा आहे. त्यांतील नदी पुष्कळ वेळां गोदावरीच असते. त्याच्या आरंभींच एक गाथा आहे. कमळाच्या पानावर निश्चल बसलेली बलाका एक जण दुसऱ्यास दाखवीत आहे, एवढाच तिचा प्रसंग. काव्यप्रकाशकार मम्मटानें ध्वनीचें उदाहरण म्हणून ही गाथा घेतली आणि तिचा उलगडा असा केला: पक्षी हालत नाहीं, म्हणजे तो निर्भय आहे, निर्भय आहे, म्हणजे येथें माणसाची वर्दळ नाहीं, वर्दळ नाहीं, म्हणजे ही जागा भेटीला योग्य आहे. किंवा दुसरा अर्थ: तूं येथें आलों होतों म्हणतोस तें खोटें आहे, तूं आला असतास तर हा पक्षी असा बसला नसता.

अलंकारशास्त्राच्या वर्गांत ही गाथा आपण शृंगारासाठीं वाचतों. खुनीच्या कांठीं ती मला निराळीच दिसली. मम्मटाची ही विचारसरणी एकाद्या वाकबगार माग काढणाऱ्याची आहे. पक्ष्याच्या वागणुकीवरून तेथें कोण आलें आणि कोण आलें नाहीं हें ओळखणें, ही ती विद्या. गाथेंतील बोलणाऱ्या व्यक्तीला बगळ्याचें प्रेम आहे असें कोठेंही म्हटलेलें नाहीं. तिला गरज आहे. निर्धास्त जागेची गरज. त्या गरजेमुळें तिनें पक्षी नीट पाहिला, आणि नीट पाहिल्यामुळें तो सुंदर झाला. आमच्या आधुनिक निसर्गलेखनानें हा क्रम उलटा केला आहे. निसर्ग प्रेमानेंच कळतो, असें तें गृहीत धरून चालतें. म्हणून आधीं प्रेम जाहीर करतें, मग विशेषणें गोळा करतें, आणि पाहणें शेवटीं उरलें तर उरतें. माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, ज्या लेखनांत पाहण्यामागें गरज आहे तें खरें उतरतें. आणि जेथें गरज झांकून केवळ प्रेम दाखविलें जातें तेथें लेखन गोड पण पोकळ होतें.

हें मी पुस्तकावरून सुचलेलें म्हणून सांगत नाहीं. त्या सकाळीं नदीच्या एका वळणाशीं माझा सोबती एकदम थांबला. “टिटवी बोलून राह्यली जी, थांबा जरा,” तो म्हणाला. वळणापलीकडे टिटवी ओरडत होती, हें मलाही ऐकूं येत होतें. पण माझ्या दृष्टीनें तो यादींतला एक पक्षी होता. त्याच्या दृष्टीनें ती पलीकडे कोणी तरी हालतें आहे याची बातमी होती. त्यानें काठी घट्ट धरली. आम्ही उभे राहिलों. थोड्या वेळानें वळणावरून डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक बाई आली. तीही आम्हांस पाहून क्षणभर थबकली, आणि मग हंसली. तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो टिटवीविषयींच. दोन्हीकडून एकच पक्षी ऐकला जात होता. त्या क्षणीं मला पहाटे न निघण्याचें कारण विचारण्याची आवश्यकता उरली नाहीं.

पुढें ओलसर मातींत पाऊलखुणा होत्या. त्यानें वांकून पाहिलें आणि सांगितलें, “हे डुक्कर व्हय, रोही पल्याडून गेला.” कुत्र्याच्या पंजांत नखें उमटतात आणि मांजरकुळांतील जनावराच्या पंजांत उमटत नाहींत, हें मीं पुस्तकांत वाचलेलें त्यानें सहज बोलतां बोलतां सांगितलें. हिंवाळ्याच्या रात्रीं तूर आणि हरभरा राखण्यासाठीं तो जागलीला जातो. रोही आणि रानडुकरें एका रात्रींत उभें पीक तुडवून व खाऊन जातात. आणि पिकाला पाणी द्यावयाचें तर कृषिपंपांची वीज पुष्कळदां रात्रींच येते, ही विदर्भांतील कास्तकाराची जुनी कथा आहे. त्यामुळें अंधारांत शेतावर जाणें त्याला चुकत नाहीं. त्याच्याजवळ प्राण्यांविषयींचें जें ज्ञान आहे तें भीतींतून आणि भांडणांतून आलेलें आहे. तें त्यांच्यावर माया करून मिळविलेलें नाहीं. आणि तरीही तें माझ्या ज्ञानापेक्षां अधिक अचूक होतें. आणि मला वाटतें, जनावराच्या बाबतींत अधिक न्यायीही होतें. रोह्याला तो शिव्या देतो, पण रोही कोठून येतो, कोणत्या वेळीं येतो, एकटा येतो कीं कळपानें, हें तो खोटें सांगत नाहीं. कारण खोटें सांगून त्याचें पीक वांचणार नाहीं.

या कसोटीवर आपल्या भाषेंतील उत्तम निसर्गलेखन कसें उतरतें, हें आतां पाहिलें पाहिजे. दुर्गा भागवत यांचें ‘ऋतुचक्र’ १९५६ सालीं निघालें. निसर्ग पाहण्यास रानांत जावें लागत नाहीं, मुंबईसारख्या शहरांतही बारा महिने बारा तऱ्हांनीं येतात, हें त्यांनीं दाखविलें. आणि पाहिलेल्या वस्तूला लोककथेची व संस्कृत परंपरेची जोड देण्याची त्यांची पद्धति अजून कोणास साधलेली नाहीं. त्यांच्या पाहण्यामागें बुद्धीची भूक आहे, आणि ती भूक हीही गरजच होय. म्हणून तें पुस्तक टिकलें. मात्र त्यांत निसर्ग हा ऋतूंच्या मिरवणुकींतला मानकरी आहे. तो कोणाचें पीक खात नाहीं. शहरांत खाण्यासारखें पीकच नसल्यानें हा दोष लेखिकेचा नाहीं. पण तो नमुना समजून खेड्यांतील लेखकांनींही तेंच केलें, तेव्हां तो दोष झाला.

व्यंकटेश माडगूळकर यांनीं ‘नागझिरा’ (१९७९) या पुस्तकासाठीं रानांत मुक्काम केला. त्यांचें गद्य कमी बोलतें. विशेषणांवर त्यांचा भरवसा नाहीं. जनावर काय करतें तें सांगून ते गप्प बसतात. वानरांच्या टोळ्यांवरील ‘सत्तांतर’ (१९८२) या लहानशा कादंबरींत तर त्यांनीं प्राण्यांच्या गरजांनाच कथानक केलें: भूमि, अन्न आणि सत्ता. मराठींत प्राण्याला माणसाचें सोंग न देतां नायक करण्याचें इतकें धीट काम क्वचित् झालें असेल. तथापि त्यांचें रान हें मनुष्यवस्तीपासून दूर जाऊन गांठलेलें रान आहे. शेताच्या बांधापासून सुरू होणारें रान त्यांत फारसें नाहीं.

तिसरें नांव मारुती चितमपल्ली यांचें. १९३२ सालीं सोलापुरास जन्मलेला हा वनाधिकारी नोकरीनिमित्त विदर्भाच्या रानांत राहिला, आणि त्यानें तेथील वनवासी, शिकारी व ढीवर यांच्या तोंडचे शब्द मराठीच्या पदरांत घातले. ‘पक्षिकोशा’सारखा ग्रंथ एका माणसानें सिद्धीस न्यावा, कावळ्यांच्या वसाहतीस काकागार आणि बगळ्यांच्या वसाहतीस सारंगागार असे नीटस शब्द द्यावेत, हें कार्य केवळ लालित्याचें नव्हे. २००६ सालीं सोलापूरच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें, त्यांत मराठी वाङ्मयानें रानाचा हक्क मान्य केला असें म्हणतां येईल. २०२५ च्या जूनमध्यें ते वारले. त्यांच्या लेखनाचा एक दोष आदर राखूनही सांगितला पाहिजे: पाहिलेलें आणि ऐकलेलें यांमधील रेघ ते नेहमींच स्पष्ट आंखीत नाहींत. अद्भुताची त्यांना ओढ आहे, आणि अद्भुताच्या धुक्यांत कधीं कधीं पक्षी दिसेनासा होतो. पण ज्यांच्यापासून ते शिकले त्या माणसांना त्यांनीं पुस्तकांत आणलें, आणि त्यांच्या ज्ञानाला ज्ञान म्हटलें. या एका गोष्टीसाठीं आजच्या यादीकारांनीं त्यांना गुरु मानलें पाहिजे.

विदर्भाला ही परंपरा नवीन नाहीं. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ जो ‘लीळाचरित्र’, तो म्हाइंभटानें अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपुरास सिद्ध केला. त्यांत पारध्यांच्या भीतीनें चक्रधरस्वामींच्या आश्रयास आलेल्या सशाची लीळा आहे. अहिंसेचा पाठ म्हणून ती सांगितली जाते, आणि तें योग्यच आहे. परंतु लेखनाच्या दृष्टीनें तिचें महत्त्व असें कीं, त्या प्रसंगांत ससा आणि पारधी दोघेही आपापल्या गरजेनें धांवत आलेले आहेत, आणि कथा दोघांनाही समोर उभें करते. सातशें वर्षांपूर्वीं आपल्या गद्याला हें जमत होतें.

मग आज उणें काय आहे? माझ्या मतें उणें आहे तें कांठाचें वाङ्मय. जेथें शेत संपतें आणि नदी सुरू होते, जेथें रात्रीं रोही उतरतो आणि सकाळीं बाई सरपणाला जाते, त्या पट्ट्याचें. अभयारण्याचें वर्णन करणारे पुष्कळ आहेत, आणि दुष्काळाचें व कर्जाचें वर्णन करणारेही पुष्कळ आहेत. यवतमाळ जिल्ह्याचें नांव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें वर्तमानपत्रांत किती वेळां आलें हें सर्वांस ठाऊक आहे. पण हे दोन लेखक एकमेकांस भेटत नाहींत. एकाच्या लेखांत जनावरें आहेत आणि माणसें नाहींत. दुसऱ्याच्या लेखांत माणसें आहेत आणि जनावरें नाहींत. प्रत्यक्षांत दोघेही एकाच नदीवर पाणी पितात. हें न लिहिण्याची किंमत केवळ वाङ्मयालाच द्यावी लागते असें नाहीं. ज्या कांठाला भाषेंत जागा नाहीं त्या कांठाची वाळू उपसली, त्याचा डोह बुजला, तर कोणाच्या लक्षांत येणार? आणि जो माणूस जनावराच्या वाटेवर राहतो त्याच्या भीतीला जर शहरांतला वाचक केवळ अडाणीपणा समजत असेल, तर पुढच्या वाघिणीच्या वेळींही आपण पुनः राक्षसी आणि माता एवढेच दोन शब्द वापरणार.

कोणी म्हणेल कीं हा मजकूर साहित्याचा नसून वनखात्याचा आहे. त्यास माझें उत्तर त्या गाथेंत आहे. भेटीची जागा निर्धास्त आहे कीं नाहीं, हा प्रश्नही तसा साहित्याचा नव्हता. तो दोन माणसांच्या सोयीचा होता. कवीनें तो बगळ्याच्या निश्चलतेंत पाहिला आणि त्याचें काव्य झालें. नदीकांठीं फिरावयास जाणाऱ्या सुशिक्षित मंडळींना माझी विनंति एवढीच आहे कीं, त्यांनीं दुर्बीण अवश्य न्यावी, यादीही करावी. परंतु एकाद्या दिवशीं ज्याचें तेथें शेत आहे त्याला सोबत घ्यावें, आणि टिटवी काय म्हणते तें त्याला विचारावें.

परततांना आम्ही गांवाजवळच्या डोहाशीं आलों. ऊन चांगलें वर आलें होतें. बायका दगडांवर धुणें आपटीत होत्या, मुलें पाण्यांत ओरडत होतीं, आणि पलीकडच्या रस्त्यावर एक मालमोटार कर्णा वाजवीत गेली. त्या सगळ्या गलबल्यांत, बायकांपासून दहा-बारा हातांवर, एक ढोकरी पाण्याच्या कडेला बसली होती. ती हालत नव्हती. मम्मटाच्या हिशेबानें ती उडून जावयास हवी होती. मीं सोबत्यास विचारलें, ही एवढ्या माणसांत कशी बसली? तो म्हणाला, “तिले मालूम हाय नं जी, या बाया काई करत नाई. धुन्याच्या पान्यात मासोळ्या येतेत, थे खाते ते.”

गाथेंतील बलाकेची निश्चलता म्हणजे माणसाचा अभाव होता. खुनीच्या कांठच्या या ढोकरीची निश्चलता म्हणजे माणसाची ओळख होती. पक्षी तोच असेल, बसणेंही तेंच. अर्थ मात्र दोन हजार वर्षांत पार उलटला, आणि तो सांगण्यास मला पुस्तकाचा नव्हे, एका कास्तकाराचा आधार लागला. त्यानें बायकांना हांक मारून उशीर झाल्याचें सांगितलें, आणि आम्ही गांवांत शिरलों.